चौकोनातलं अस्वल

सायरनरावांनी त्या रविवारी सकाळी एक साधासा निर्णय घेतला. वर्तमानपत्रातून घरंगळलेलं आरोग्य विम्याचं पत्रक रद्दीत न टाकता शेवटपर्यंत वाचायचं. बस, एवढंच! दुसरा कोणी असता तर त्याने त्या गुळगुळीत कागदावर नखं कापली असती आणि कागद गुंडाळून फेकून दिला असता. सायरनराव वाचायला बसले, आणि बुधवारी सकाळी स्वतःच्याच हॉलमध्ये आडवे पडले. मधल्या तीन दिवसांत काय घडलं ते सांगतो.

आधी माणूस समजून घ्या. सायरनराव म्हणजे एका रंगाच्या कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर. ‘सायरन’ हे कामगारांनी ठेवलेलं नाव, कारण धोका असो नसो, हे आधी वाजतात. सहा फूट उंची, भारदस्त मिशी, आणि आवाज असा की दोन शेड पलीकडचा माणूस हेल्मेट शोधायला लागतो. घरातही तोच खाक्या. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज लावलेला. बाथरूमच्या दारावर ‘ओली फरशी, सावकाश’ अशी पाटी (फरशी कोरडी असली तरी, आज ना उद्या ओली होणारच की!). आणि फ्रिजच्या दारावर घरातल्या प्रत्येकाचा जोखीम तक्ता. एक म्हणजे किरकोळ, पाच म्हणजे महाभयंकर. आईला चार, कारण तिचे गुडघे. बायकोला दोन, कारण ती छापखान्यात प्रुफं तपासते आणि रस्ता ओलांडतानाही दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका शोधत असते. दहा वर्षांच्या लेकीला तीन, कारण ती कोणाशीही वाद घालते. घरात तिला ‘वकीलबाई’च म्हणतात. आणि स्वतःला शून्य.

“बाबा, तक्ता एकपासून सुरू होतो,” वकीलबाईंनी तेव्हाच हरकत घेतली होती.

“माझ्यापुरता शून्यापासून,” सायरनराव म्हणाले होते.

आता या शून्य जोखमीच्या माणसाचं एक गुपित होतं. त्यांना सुईची भीती वाटायची. भीती म्हणजे काय विचारता! शर्टाचं बटण लावायला बायकोने सुई-दोरा काढला की यांना गॅलरीत काहीतरी काम निघायचं. कारखान्यात दरवर्षी लसीकरणाचं शिबिर व्हायचं. सायरनराव दारात उभे राहून सगळ्यांना रांगेत लावायचे, भित्र्यांना खडसवायचे, “एवढ्याशा सुईला घाबरता? लाज वाटते का?” असं विचारायचे, आणि शेवटच्या माणसाचं झालं की सामान आवरायला मदत करायचे. रांग सांभाळायला कोणी तरी नको का? अशी अकरा वर्षं गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तर ते पत्रक. वाचता वाचता सायरनराव खुर्चीतून ताडकन उठले.

“अगं, हे बघ! ही विमा कंपनी म्हणजे अगदी माझ्या डोक्याने चालणारी आहे!”

“मग अवघड आहे तिचं,” बायको प्रुफातून मान वर न करता म्हणाली.

“चेष्टा नको. घरातल्या सगळ्यांनी या वर्षीची फ्लूची लस घेतलेली असेल, तर ते कमी जोखमीचं कुटुंब धरणार आहेत. बरोबरच आहे! लस घेतलेला माणूस आजारी कमी पडतो, कमी पडला की हॉस्पिटलात कमी जातो, कमी गेला की कंपनीला घोर कमी. आणि अशा कुटुंबाला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन वर्षं थांबायची गरज नाही. एकच वर्ष! एका वर्षात आईचे गुडघे कंपनीच्या खर्चाने!”

हे ऐकल्यावर मात्र बायकोने पेन खाली ठेवलं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “काय म्हणतोस रे छोटू?” (सहा फुटी माणसाला छोटू म्हणणारी जगात एकच व्यक्ती असते.)

घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. गेले पाच महिने आई खाली उतरली नव्हती. खाली फाटकाजवळ एक बाक होता. त्याच्यावर संध्याकाळी तिच्या तीन मैत्रिणी बसत, आणि आई वर खिडकीतून त्यांना ओरडून काहीबाही विचारी. खालून उत्तर येई ते तिला नीट ऐकू येत नसे, तरी ती ‘हो ना!’ म्हणत असे. सायरनरावांना हे रोज दिसायचं. जगातल्या सगळ्या जिन्यांना कठडे लावणारा माणूस, पण स्वतःच्या आईला एक मजलाही तिच्या पायांनी उतरवता येत नव्हता. ऑपरेशनचा खर्च त्यांच्या पगाराच्या बाहेरचा होता.

“पण यात एक मेख आहे,” बायकोने पत्रक उलटसुलट वाचून काढलं. चुका शोधायचाच पगार घेते ती. “नव्याने नाव घालायचं तर वय पासष्टच्या आत हवं. आईंना शुक्रवारी पासष्ट पूर्ण होतात.”

मग सायरनराव वाजले. “म्हणजे चार दिवस आहेत! चार दिवसांत मी अख्खा कारखाना रिकामा करून दाखवतो!”

सोमवारी सकाळी त्यांनी विमा एजंटला फोन लावला. सायरनरावांना एक खोड आहे. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की त्यांना ते पूर्ण समजतं.

“साहेब, बुधवारी दहा वाजता कंपनीच्या डॉक्टरबाई घरी तपासणीला येतील,” एजंट म्हणाला. “दुपारपर्यंत त्यांचा रिपोर्ट गेला की गुरुवारी पॉलिसी.”

“समजलं, समजलं!”

“लसीची कार्डं चौघांची तयार ठेवा. लस घेतली नसेल तर...”

“समजलं! घेऊन टाकतो!”

“हो, पण साहेब, तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र...”

“समजलं हो! आदल्या दिवशी घेतो, म्हणजे अगदी ताजी असेल!” आणि फोन ठेवला. पलीकडून ‘अहो नाही, नाही’ असं काहीतरी ऐकू आलं होतं, पण तोवर बोट पडलं होतं बटणावर.

मंगळवारी संध्याकाळी स्वारी निघाली. दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. आईने दुपारपासून ठेवणीतले कपडे घालून ठेवले होते. सायरनरावांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पुढून आपण, मागून बायको, आणि वकीलबाई पुढे ‘सरका, सरका’ करत. तीन मजले उतरायला वीस मिनिटं लागली. फाटकाशी आल्यावर आई म्हणाली, “थांब रे. मला दोन मिनिटं त्या बाकावर बसू दे.”

बसली. बाकाच्या लाकडावरून हात फिरवला. मैत्रिणी अजून यायच्या होत्या, तरी एकटीच हसत बसली. सायरनरावांनी त्या क्षणी मनाशी ठरवलं, काही झालं तरी ही पॉलिसी मिळालीच पाहिजे. आकाश कोसळलं तरी!

आकाश कोसळायची गरज पडली नाही. दवाखान्याचं दार उघडलं आणि स्पिरिटचा वास आला, तेवढ्यानेच काम भागलं.

खोलीत भिंतभर रंगीत प्राणी काढलेले. बाकड्यावर रडणारी, रडून झालेली आणि रडायच्या बेतात असलेली पोरं. मध्ये एक धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याच्या सिस्टर. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात गोल स्टिकरांचा रोल. न रडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या शर्टावर हसणाऱ्या अस्वलाचं एक स्टिकर. अस्वलाच्या खाली लिहिलेलं, ‘मी शूर!’

आधी आई. “झालंसुद्धा? मी अजून तयारच होत होते!” मग वकीलबाई. तिने सुईची लांबी विचारली, मागच्या वेळच्या सुईशी तुलना केली, आणि हूं का चूं न करता टोचून घेतलं. सिस्टरांनी खूश होऊन तिला दोन अस्वलं दिली. मग बायको. तिला टोचलं तेव्हा ती समोरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, “सिस्टर, ‘प्रतिबंधक’मधला अनुस्वार पडलाय बघा.” प्रत्येक वेळी सिस्टर लसीच्या बाटलीवरची चिकटपट्टी सोलून त्या त्या माणसाच्या कार्डावरच्या चौकोनात लावत होत्या. बॅच नंबर, तारीख, सगळं त्या इवल्याशा पट्टीवर.

“आता साहेब तुम्ही. या.”

सायरनरावांचे पाय गेले. खरं सांगायचं तर पाय होते, पण ते दाराच्या दिशेने होते. इतक्यात शेजारच्या खोलीत एका बाळाने असा काही टाहो फोडला की सिस्टर “आलेच हं!” म्हणत तिकडे धावल्या. बाकड्यावरची पोरं टोचून घेऊन घरी गेली होती, आणि बायको, आई आणि लेक बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. खोलीत उरले सायरनराव, तो ट्रे आणि भिंतीवरचा जिराफ.

सायरनरावांनी जिराफाकडे पाहिलं. जिराफाने काही सल्ला दिला नाही. मग त्यांनी ट्रेमधला कापसाचा बोळा उचलला, प्लास्टरची एक पट्टी फाडली, चारही कार्डं घेतली, आणि मागच्या दाराने पॅसेजमध्ये जाऊन दंडावर बोळा चिकटवला.

“झालं?” बायकोने विचारलं.

“झालं की! कळलंसुद्धा नाही,” सायरनराव म्हणाले. (एवढं एक वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं.)

वकीलबाईंनी बापाकडे कौतुकाने पाहिलं. आपल्या दोन अस्वलांपैकी एक सोललं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं. “हे तुम्हाला, बाबा. तुम्ही पण शूर.”

आयुष्यात पहिल्यांदा सायरनरावांना काहीतरी टोचलं, आणि चांगलंच खोलवर टोचलं.

घरी येऊन फाइल लावताना त्यांनी कार्डं ओळीने मांडली. तीन कार्डांच्या चौकोनात चिकटपट्ट्या, आणि चौथ्या कार्डाचा चौकोन पांढराफटक! तपासणीच्या फाइलमध्ये रिकामा चौकोन? ज्या माणसाने अकरा वर्षांत आग विझवायच्या एकाही नळकांड्याचा रकाना कोरा सोडला नव्हता, त्याच्याच कार्डावर? काहीतरी चिकटवायलाच हवं होतं. नजर खिशावर गेली. अस्वल हसत होतं. आकार अगदी चौकोनात मावेल असा.

भीतीने माणसाची अक्कल कुठे चरायला जाते बघा. सायरनरावांनी ते अस्वल काढलं आणि चौकोनात चिकटवलं. ‘घाईघाईत कोण बघतंय!’ असं म्हणून फाइल मिटली सुद्धा.

बुधवारी सकाळी सात वाजता आतून हाक आली, “छोटू, अंग मोडून आल्यासारखं वाटतंय रे.” आईला ताप. पाठोपाठ वकीलबाई पांघरुणातून म्हणाली, “बाबा, माझा हात दुखतोय आणि मला शाळेत न जायचा हक्क आहे.” तिलाही ताप. बायको ओट्याशी उभी होती ती खुर्चीत बसली. “मलाही कणकण आहे. घाबरू नका, लसीने येतो असा एखादा दिवस. उतरेल उद्यापर्यंत.”

“उद्यापर्यंत! अगं, डॉक्टरबाई दहाला येतायत!” सायरनरावांनी एजंटला फोन लावला.

“साहेब, तेच तर सांगत होतो!” एजंट कळवळला. “आदल्या दिवशी लस घेऊ नका, तपासणीत ताप दिसतो! तुम्ही ‘समजलं’ म्हणालात, मला वाटलं समजलं!”

दहाच्या ठोक्याला बेल वाजली. डॉक्टरबाई बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि तीन मजले चढूनही दम न लागलेल्या. त्यांनी पिस्तुलासारखा थर्मामीटर काढला. आईच्या कपाळावर धरला, भुवई उंचावली. बायकोच्या कपाळावर धरला, दुसरी भुवई उंचावली. वकीलबाईपर्यंत येईतो उंचावायला भुवई उरली नव्हती.

“तिघींनाही ताप. कधीपासून?”

“काल लस घेतली ना, त्याचा आहे,” सायरनराव घाईघाईने म्हणाले. “आम्ही चौघांनीही घेतली! एकाच वेळी, एकाच दवाखान्यात!”

“चौघांनी? मग तुम्हीही या बघू.”

सायरनराव अगदी ठणठणीत होते. दंड दुखत नव्हता, अंग तापलं नव्हतं, उलट सकाळपासून दोन कप चहा आणि चार बिस्किटं संपवून झाली होती. डॉक्टरबाईंनी पेनचं टोक हनुवटीला लावलं.

“हे जमत नाही. एकच लस चौघांनी घेतली. तिघींना ताप, तुम्हाला काहीच नाही, साधा हातही दुखत नाही. म्हणजे ताप लसीचाच असं मला लिहिता येणार नाही. घरात काही साथीचा संसर्ग आहे का ते बघावं लागेल. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करू.”

“तीन आठवडे!” सायरनरावांचा आवाज फाटला. “शुक्रवारी आईला पासष्ट पूर्ण होतात हो!”

“मला नियम पाळावा लागतो. मी जे दिसतं तेच लिहिते.”

आता खरं बोलायची वेळ होती. पण सायरनराव म्हणाले, “एक मिनिट, मलाही जरा कणकण वाटतेय,” आणि आईची गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी उचलून बाथरूममध्ये गेले. तिथे ‘ओली फरशी, सावकाश’च्या पाटीआड उभं राहून त्यांनी ती पिशवी पाच मिनिटं कपाळावर दाबून धरली. बाहेर आले ते टोमॅटोसारखे लालबुंद होऊन.

डॉक्टरबाईंनी पिस्तूल कपाळावर धरलं. आकडा पाहिला. शांतपणे मानेवर धरलं. पुन्हा आकडा पाहिला.

“विलक्षण केस आहे,” त्या म्हणाल्या. “कपाळाला भयंकर ताप आहे, मानेला मुळीच नाही.”

वकीलबाई पांघरुणात खुदकन हसली. डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. एक कार्ड, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी त्या थांबल्या. चष्मा वर केला. कार्ड उजेडाकडे धरलं.

“ही कुठल्या कंपनीची लस म्हणायची?”

चौकोनातून अस्वल सगळ्यांकडे बघून हसत होतं. ‘मी शूर!’

बायकोने मान पुढे काढून पाहिलं. तिच्या व्यवसायातल्या माणसाला चूक सापडायला किती वेळ लागतो? “अहो,” एवढंच ती म्हणाली, पण त्या ‘अहो’त बारा वर्षांच्या संसाराची सगळी प्रुफं होती. वकीलबाई उठून बसली. “ते माझं अस्वल आहे. मी बाबांना दिलं होतं.” आता ती हसत नव्हती.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. आईला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर घेते.

“मी दवाखान्यातून सिस्टर बोलतेय हो, आजी!” आवाज घरभर घुमला. “काल तुमच्याकडची एक लस इथेच राहिली. पैसे भरलेत, बाटली फ्रिजमध्ये आहे, माणूसच गायब! मी बाळाला टोचून आले तर खोली रिकामी!”

आईने फोन बाजूला धरला. “छोटू. इकडे बघ माझ्याकडे.”

सायरनराव इतके दिवस दोन शेड पलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजात बोलत आले होते. आता त्यांचा आवाज मिशीतून बाहेर पडेना.

“आई, मी नाही घेतली लस. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. कारखान्यातही कधीच घेतली नाही. तुझं ऑपरेशन व्हावं म्हणून सगळ्यांना घेऊन गेलो, आणि मीच पळालो. माझ्यामुळे तुझा बाक राहतोय बघ.” त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. “डॉक्टर, यांचा ताप लसीचाच आहे. मला नाही, कारण मी घेतलीच नाही. हे तुम्ही लिहा. माझं नाव काय वाटेल त्या रकान्यात टाका.”

डॉक्टरबाईंनी पेन उघडलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं त्यांच्या. “हे जमतं. लस घेतलेल्या तिघींना ताप, न घेतलेल्याला नाही. सरळ हिशेब. फक्त ‘कमी जोखमीचं कुटुंब’ म्हणायला चौघं लागतात. माझा रिपोर्ट बारापर्यंत जायचाय. आता साडेदहा झालेत.” आणि त्यांनी सायरनरावांकडे पाहिलं.

सगळ्यांनीच पाहिलं.

“सिस्टरना म्हणावं, वर या,” सायरनराव म्हणाले. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते.

सिस्टर दहा मिनिटांत आल्या, बर्फाचा डबा घेऊन, धापा टाकत. “अरे देवा, हे एवढे मोठे, आणि हे पळाले?” सायरनरावांना आईच्या खुर्चीशेजारी बसवण्यात आलं. आईने तापलेला तळहात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. “पाढे म्हण. लहानपणी म्हणायचास तसे. सतराचा म्हण, तो तुला येत नाही, म्हणजे लक्ष तिकडे लागेल.”

“सतरा एके सतरा,” सायरनराव म्हणाले. “सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक... एक्कावन्न. सतरा चोक...” त्यांनी बोटं मोजून पाहिली. “सतरा चोक... सिस्टर, टोचणार असाल तेव्हा आधी सांगा हं. धोक्याची पूर्वसूचना हा माझा हक्क आहे.”

“अहो, चौतीसलाच टोचलं की!” सिस्टर बाटलीची पट्टी सोलून कार्डावरच्या अस्वलाशेजारी लावत म्हणाल्या.

“काय? झालं?” सायरनरावांनी आईचा हात बाजूला केला. दंडावर खराखुरा बोळा होता! “झालं! आई, झालं! अगं, झालं! मी घेतली! काहीच नसतं की हो हे! उगाच लोक बाऊ करतात! मी तर म्हणतो...” आणि ते विजयी मुद्रेने ताठ उभे राहिले, हात उंचावले, आणि त्यांची नजर ट्रेमध्ये पडलेल्या वापरलेल्या सुईवर गेली.

पुढचं त्यांना आठवत नाही. बाकीच्यांना आठवतं. सहा फुटी माणूस झाड पडावं तसा सावकाश, आवाज करत आडवा झाला. जाताना बाथरूमच्या दारावरची पाटी सोबत घेऊन गेला. डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, पण तिथे स्पंज होता. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर ‘ओली फरशी, सावकाश’ होतं, बायको पाणी शिंपडत होती, आणि डॉक्टरबाई खुर्चीत बसून भराभर काहीतरी लिहीत होत्या.

“मिळेल ना पॉलिसी?” हा त्यांचा पहिला प्रश्न. पडल्या पडल्याच विचारला.

“चौघांचं लसीकरण पूर्ण,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जे दिसतं तेच लिहिते मी. आणि आज बरंच काही दिसलं.”

गुरुवारी संध्याकाळी पॉलिसी आली. आई शुक्रवारी पासष्टची झाली, ती विमा काढलेली पासष्टची! घरात नुसता जल्लोष. बायकोने कागद अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. आजी: जोखीम कमी. सून: जोखीम कमी. नात: जोखीम कमी. मुलगा: जोखीम जास्त, कारण ‘क्षुल्लक निमित्ताने शुद्ध हरपते’. आणि खाली डॉक्टरबाईंच्या शिफारशीवरून एक खास अट: ‘यापुढील प्रत्येक लस यांनी जबाबदार प्रौढ व्यक्तीच्या सोबतीनेच घ्यावी.’ वकीलबाईंनी पेन घेतलं, फ्रिजपाशी गेल्या, तक्त्यावर आजीचे चार खोडले आणि बाबांच्या शून्यावर लिहिले.

सव्वा वर्ष गेलं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, कंपनीने कुरकुर न करता खर्च दिला. त्या वर्षीच्या लसीची वेळ आली तेव्हा आई तीन मजले स्वतःच्या पायांनी उतरली. एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्या हाताने सायरनरावांचं मनगट (कठड्यापेक्षा जास्त घट्ट). फाटकाशी तिच्या मैत्रिणी बाकावर बसल्या होत्या. “कुठे निघालात?” त्यांनी विचारलं.

“छोटूला टोचून आणते,” आई खणखणीत आवाजात म्हणाली.

दवाखान्यात सायरनराव बाकड्यावर पोरांच्या रांगेत बसले. बसूनच राहिले. सिस्टरांनीच बजावलं होतं, उभं राहायचं नाही. डोळ्यांवर आईचा हात, तोंडात सतराचा पाढा. या खेपेला तो चक्क एकशे सत्तरपर्यंत पूर्ण झाला. हात काढल्यावर ते सुईकडे न बघता, भिंतीवरच्या जिराफाकडे बघत हसले. ना पडले, ना पळाले! ऊर भरून आला. त्यांनी शर्टाचा खिसा सरळ केला, छाती थोडी पुढे काढली आणि सिस्टरांच्या हातातल्या रोलकडे आशेने पाहिलं.

सिस्टरांनी अस्वल सोललं, सायरनरावांच्या खिशावरून हात पुढे नेला, आणि आईच्या खांद्यावर चिकटवलं.

“आणि मला?” सायरनराव म्हणाले.

“तुमचं मागच्या वर्षीच लावून झालंय की,” सिस्टर म्हणाल्या. “पुढच्याला येऊ द्या आता.”